स्टेशनपासून दोन मैल : आपल्या गावाच्या छायाचित्रग्रंथाविषयी

गावावर छायाचित्रांचे पुस्तक काढायचे ठरले की गाव कोठून सुरू करायचे हे आधी ठरवावे लागते. वरकरणी हा मांडणीचा प्रश्न वाटतो; पहिल्या पानावर काय घ्यावे आणि शेवटी काय ठेवावे, एवढाच. पण गावाची सुरुवात कोठे होते हे आपण कोणत्या टोकाला उभे राहून पाहतो यावर अवलंबून असते, आणि ते टोक आपल्याकडे जातीने ठरवून दिलेले आहे. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपूरच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीवर असे एक पुस्तक करण्याचे काम आम्ही काही जण गेली दोन वर्षे करीत आहोत. त्या कामात जे प्रश्न पडले ते एकट्या आमच्या वस्तीचे नाहीत. म्हणून ते येथे मांडतो, आणि त्या निमित्ताने खान्देशात आजवर जे छायाचित्रण झाले त्याचा आपल्या बाजूने थोडा हिशेबही करतो.

गावाच्या गौरवाची पुस्तके आपल्याकडे कमी नाहीत. संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, बँकांची दिनदर्शिका, निवडणुकीच्या तोंडावर निघणारे गुळगुळीत कागदाचे विशेषांक. जळगाव म्हटले की महापालिकेची सतरा मजली इमारत, सराफ बाजार, केळीचे घड आणि मेहरूण तलावावरचा सूर्यास्त. धुळे म्हटले की एकवीरादेवीचे मंदिर, लळिंगचा किल्ला, राजवाडे संशोधन मंडळ आणि नंबराने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्या. गिरणीचे चित्र असलेच तर मालकाचे असते. साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे सहसा नसते. आपली माणसे या पुस्तकांत येतात ती १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, उंचावरून काढलेल्या चित्रात. गर्दी म्हणून आपण जवळपास प्रत्येक पुस्तकात आहोत. माणूस म्हणून शोधावे लागते. अशाच एका स्मरणिकेच्या समितीवर मला घेतले होते. शहराच्या जुन्या नकाशावर आपले वाडे कोठे होते ते एका पानावर दाखवावे, अशी सूचना मी केली. काहीतरी सकारात्मक द्या, असे उत्तर मिळाले. नकाशा नकारात्मक कसा असतो हे मला अजून उमगलेले नाही.

‘उपनगर’ हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. १९७३ मध्ये बिल ओवेन्स या वृत्तपत्र-छायाचित्रकाराचे ‘सबर्बिया’ नावाचे पुस्तक अमेरिकेत निघाले. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर या आपल्याच गावाच्या आसपासचे लोक त्याने टिपले. नवी घरे, हिरवळ, मोटारी, स्वयंपाकघरे, मुलांचे वाढदिवस. चित्राखाली त्या त्या माणसाचे स्वतःचे बोलणे छापले. शहर सोडून मोकळ्या जागेत जाण्याची ऐपत आलेल्यांचे ते उपनगर होते. आपल्याकडे उपनगराचा इतिहास उलट दिशेने लिहावा लागतो. गावकुसाबाहेरचा महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही या देशातील पहिली उपनगरे. तेथे कोणी हवा खायला गेले नव्हते. काढून ठेवले होते. पुढे गाव फुगले, शेते बिनशेती झाली, प्लॉट पडले, वाड्याला वळसा घालून कॉलन्या उभ्या राहिल्या आणि जे गावाबाहेर होते ते एकाएकी मोक्याच्या जागेवर आले. महारवाड्याचे भीमनगर झाले, पंचशीलनगर झाले. नाव बदलले यात मोठी लढाई होती, तिला मी हलके लेखणार नाही. पण घर भाड्याने मागताना आडनाव विचारले जाते, तेव्हा जुने गावकूस जागेवरच असल्याचे कळते. ते भिंतीसारखे उभे नसते, त्यामुळे त्याचा फोटो निघत नाही. आमच्या पुस्तकाची सारी अडचण येथून सुरू होते.

खान्देशच्या मुलखात कॅमेरा तसा लवकर आला. मेजर रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी आला आणि पुढे छायाचित्रेही काढू लागला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. बौद्ध लेणी जगापुढे नेणाऱ्यांत या माणसाचा वाटा आहे, हे मान्यच. परंतु त्या काळच्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत एखादा देशी माणूस खांबाजवळ उभा दिसतो तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचे नाव नसते. तो मोजपट्टी असतो.

मोजपट्टीच्या पुढची पायरी म्हणजे नमुना. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना रयतेची ओळख करून घ्यायची होती. चारशेहून अधिक छायाचित्रे, आणि प्रत्येकाशेजारी त्या जातीजमातीचा स्वभाव सांगणारा मजकूर : ही जात इमानी, ती चोरटी, ती आळशी. माणूस एक, पण त्याच्या चेहऱ्यावरून साऱ्या जातीला दाखला. त्या खंडांना दीडशे वर्षे झाली आणि साहेब निघून गेला, तरी ती नजर गेलेली नाही. जिल्ह्यातल्या छायाचित्र-स्पर्धा पाहाव्यात. कापूस वेचणारी बाई, सुरकुत्यांनी भरलेला म्हातारा, धुळीत परतणारी गुरे आणि त्यांच्यामागे उघड्या अंगाचा पोरगा. खाली ‘जीवनसंध्या’, ‘श्रमसौंदर्य’, ‘निरागस’ असली नावे. नाव चित्राला असते, माणसाला नसते. इंग्रजांच्या खंडांत निदान जात लिहिलेली असे. आमच्या स्पर्धांनी जातही पुसली आणि माणूसही.

आता चाळीसगाव. खान्देशातल्या छायाचित्रणाविषयी लिहायचे आणि चाळीसगाव गाळायचे, हे शक्य नाही. केकी मूस तेथे राहिले. १९१२ चा जन्म, पारशी कुटुंब, इंग्लंडात शेफील्डला व्यावसायिक कलेचे शिक्षण आणि १९३८ मध्ये चाळीसगावी परत. स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यांनी पुढची जवळजवळ पन्नास वर्षे काढली. या काळात ते क्वचितच घराबाहेर पडले. १९८९ च्या अखेरीस त्याच घरात वारले. टेबलटॉप छायाचित्रण ही त्यांची खासियत : साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, दिव्यांचा प्रकाश हवा तसा फिरवायचा आणि चार हात जागेत अख्खे निसर्गदृश्य उभे करायचे. चित्र, शिल्प, सतार, सारे त्यांनी त्या घरात केले. बंगल्याचे आता कलादालन झाले आहे. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात, आणि ती खान्देशात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांची प्रेयसी मुंबईहून येणार होती, म्हणून रोज रात्री मेल गाडी येण्याच्या वेळी ते दारेखिडक्या उघडून, दिवे लावून वाट पाहत. ती आली नाही.

मूस मोठे कलावंत होते याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या कामात एक प्रामाणिकपणाही आहे. छायाचित्र हे मांडलेले असते, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. टेबल त्यांचे, दिवा त्यांचा, डोंगरही त्यांनीच केलेला. शेतमजुराला उन्हात उभे करून ‘सहज टिपले’ म्हणणाऱ्यांपेक्षा हे बरे. शिवाय ज्याने आपल्या खोलीपुरतेच जग घेतले त्याच्याकडे तुम्ही वाडा का टिपला नाही असा जाब मागणे हा समीक्षेचा अतिरेक होईल. माझा प्रश्न मूस यांना नाही. तो त्यांची कथा सांगत राहणाऱ्या गावाला आहे.

कारण त्याच स्टेशनावर आणखी एक वाट पाहणे घडले आहे. सन १९२९. अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. चाळीसगावहून धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातील मंडळी हार घेऊन स्टेशनावर हजर होती. रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे ठरला होता. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैल, नदीपलीकडे. बाहेर टांगे उभे होते. तरीही बाबासाहेबांना तासभर ताटकळावे लागले, आणि का ते कोणी सांगेना. शेवटी टांगा आला. दोनशे पावले गेला नाही तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, कडेने नुसते दगड रोवलेले. वळणावर घोडा उधळला, चाक दगडाला धडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. पाय मोडला; कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळून होते. कारण मागाहून कळले. अस्पृश्य उतारू घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याला पायी नेणे महारवाड्याला मान्य नव्हते. तेव्हा तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकणारा आणला, तो आपलाच. त्याने यापूर्वी कधी टांगा हाकला नव्हता.

हे सारे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याची पुस्तिका काढली, पुढे ते समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात आले. नावातच वाट पाहणे आहे. म्हणजे चाळीसगावच्या स्टेशनाला वाट पाहण्याच्या दोन कथा आहेत. एक गाव मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगते. दुसरी आपल्या वस्त्यांत, आपल्या सभांत सांगितली जाते. पहिली ऐकून लोक हळहळतात. दुसरी ऐकताना सवर्ण श्रोता पुष्कळदा घड्याळाकडे पाहतो. चाळीसगाववर उद्या कोणी छायाचित्रांचे पुस्तक केले, तर मूस यांचा बंगला त्यात येणारच, यावा. प्रश्न आहे तो त्या एका तासाचा. स्टेशनाबाहेर टांगे उभे आहेत, घोडे उभे आहेत, माणूस उभा आहे आणि काहीच घडत नाही. हे चित्रात कसे येईल? त्या क्षणी एखादा छायाचित्रकार तेथे असता तरी त्याच्या काचेवर काय उमटले असते? सुटाबुटातला एक पाहुणा, गळ्यात हार, भोवती त्याची माणसे. बघणारा म्हणाला असता, स्वागत-समारंभ दिसतो. जातीचा अनुभव पुष्कळदा असा नकाराचा असतो : न आलेला टांगा, न दिलेले पाणी, न मिळालेली खोली. आणि कॅमेऱ्याला फक्त असलेले दिसते.

यावर काही मित्र म्हणतात की मग छायाचित्राच्या नादी लागूच नये, आत्मकथन पुरे. मला हे पटत नाही. नकाराचे चित्र निघत नसले तरी त्याने पाडलेल्या अंतराचे निघते. स्टेशन ते वाडा हे दोन मैल आजही चालता येतात. ते चालत, दर दोनशे पावलांवर एक, अशी चित्रे घेतली आणि ओळीने लावली तर वाचकाच्या पायांना काही कळेल. एकेकटे चित्र बघितले तर रस्ता, दुकान, पूल. त्यात ‘कलात्मक’ काहीच नाही. स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत बाद होईल. पण पुस्तकात एकामागून एक पान उलटावे लागते, आणि उलटण्याला वेळ लागतो. भिंतीवर टांगलेल्या एका चित्राला न जमणारी गोष्ट पुस्तकाला जमते ती यामुळे. आम्ही आमच्या वस्तीत हेच करून पाहिले. पांझरेच्या पुलापासून वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत. चित्रे बेताची आली आहेत, पण ओळ बोलते.

हा विचार आमचा एकट्याचा नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक नावाचे पोलादाचे गाव आहे. अँड्र्यू कार्नेगीचा कारखाना तेथे १८७५ मध्ये सुरू झाला. लाटोया रूबी फ्रेझियर ही कृष्णवर्णीय छायाचित्रकार त्याच गावची. आजी, आई आणि ती स्वतः अशा तीन पिढ्यांची छायाचित्रे घेऊन तिने ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हे पुस्तक २०१४ मध्ये केले. गावाच्या इतिहासावर आधी निघालेल्या एका चित्रमय पुस्तकात काळ्या माणसांना जागा नव्हती. तिचे काम हे त्याला दिलेले उत्तरही होते. कारखान्याचा धूर, आजारी फुप्फुसे, २०१० मध्ये बंद झालेले गावातील रुग्णालय, हे सारे तिने घराच्या आतून दाखवले. त्यातील काही चित्रे तिच्या आईने काढली आहेत. येथे मला थांबावेसे वाटते. कॅमेरा हातातून हातात गेला, की ‘टिपणारा’ आणि ‘टिपला जाणारा’ ही जुनी वाटणी मोडते. पुस्तकात एक उणेपणाही मला जाणवतो. घराच्या भिंती इतक्या जवळ येतात की गावातील इतर काळी घरे, त्यांची संघटना, त्यांचा झगडा हे पुष्कळदा चौकटीबाहेर राहते. दवाखाना वाचवण्याच्या लढ्यावर तिने वेगळे काम केले आहे. ते येथे अधिक हवे होते. आपल्या आत्मकथनांवरही हा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो नेहमीच वैऱ्यांनी घेतला असे नाही.

दुसरे उदाहरण गॉर्डन पार्क्स यांचे. १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकासाठी ते कॅन्ससमधील आपल्या फोर्ट स्कॉट या गावी परतले. ज्या शाळेत फक्त काळी मुले बसवली जात, तेथील आपल्या वर्गातील सोबती शोधायचे, असा त्यांचा बेत. बहुतेक जण गाव सोडून गेलेले. पार्क्स त्यांच्यामागे कॅन्सस सिटी, सेंट लुइस, शिकागो, डेट्रॉइट असे हिंडले आणि प्रत्येकाला घरच्यांसोबत, दारात, ओसरीवर उभे करून चित्रे काढली. ‘लाइफ’ने ती कधी छापलीच नाहीत. २०१५ मध्ये, पार्क्स यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, त्यांचे पुस्तक झाले. आपले गाव म्हणजे गावात उरलेले लोक एवढेच नव्हे, हे या कामाने शिकवले. आमच्या बाबतीत तर ते फारच खरे आहे. धुळे-जळगावच्या वस्त्यांतील किती घरे आज सुरतेत आहेत ते उधना, लिंबायत भागात फिरले की कळते. अहिराणी कानावर पडते, पाट्यांवर खान्देशी आडनावे दिसतात. मिल बंद झाली, शेतमजुरी पुरेना, आणि ताप्तीकाठच्या रेल्वेने माणसे खाली उतरत गेली. म्हणून आमच्या पुस्तकातील निम्मी पाने सुरतेची असणार आहेत. त्यावर एकाने विचारले, मग हे धुळ्याचे पुस्तक कसे? त्याच्या घरातले कोणी बाहेर गेलेले नसावे.

आता मूळ वादाकडे येतो. वस्तीतील एक आजी रोज सकाळी भंगार निवडते. आमच्यातील एक तरुण, चांगला फोटो काढणारा, तिला त्या ढिगाजवळ टिपायला गेला. ती म्हणाली, “आशा नको भाऊ, मी लुगडं बदलीसन येस.” पांढरे लुगडे नेसून, केस विंचरून ती बाहेर आली, आतून बाबासाहेबांची तसबीर आणली, मांडीवर घेतली आणि म्हणाली, आता काढ. तरुण हिरमुसला. त्याच्या मते खरे चित्र हातचे गेले होते. आमच्यात त्यावर आठवडाभर वाद झाला. एक बाजू म्हणे, दारिद्र्य झाकणे ही फसवणूक आहे. दुसरी म्हणे, तिचा देह तिचा, त्याचे चित्रही तिच्या मर्जीचे.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि ते निव्वळ भावनेपोटी नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अंगावर जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत हे मुद्दाम सांगितले होते. त्यांचा स्वतःचा सूट ही हौस नव्हती. ज्या समाजाने तुमचे फाटके असणे हा कायदा केला, तेथे नीटनेटके उभे राहणे हे विधान असते. आपल्या घराघरांत जे स्टुडिओतले फोटो आहेत, मागे रंगवलेला पडदा, तिवईवर प्लॅस्टिकची फुले, नवरा खुर्चीत आणि बायको खांद्याशी उभी, ते कलेच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाहीत. पण त्यांत माणसे स्वतःच्या मर्जीने उभी आहेत. ‘द पीपल ऑफ इंडिया’ला उत्तर कोणी दिले असेल तर ते या फोटोंनी, गावोगावच्या दोन-चार रुपयांच्या स्टुडिओंत बसून. आमच्या पुस्तकात नव्या चित्रांपेक्षा हे जुने फोटो अधिक असावेत असे मला वाटू लागले आहे. धम्मदीक्षेनंतरच्या मंडळाचा समूहफोटो, पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलाचा फोटो, जात-दाखल्यासाठी काढून उरलेल्या तीन प्रती, मेलेल्या मुलाचा एकुलता एक. गावाचा हा दफ्तरखाना पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे, आणि त्याला वाळवी व पांझरेचा पूर दोन्ही लागतात.

याचा अर्थ श्रमाचे चित्र घेऊच नये असा नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, त्यांत गटारात उतरलेला माणूस आहे, घाण आहे, दारू आहे. ती बघवत नाहीत. पण ते एकदा जाऊन आले असे झाले नाही. त्या माणसांच्या घरी, त्यांच्या कुटुंबात ते वारंवार गेले, हे चित्रांतून कळते. २०१३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, आणि ते चळवळीच्या कामाला आले. तेव्हा फरक विषयाचा नाही, ये-जा किती आहे याचा आहे. आजीचा भंगाराजवळचा फोटो पुढे तिच्या संमतीने निघाला. त्यासाठी त्या तरुणाला चार महिने तिच्या ओट्यावर बसावे लागले. पुस्तकात दोन्ही चित्रे समोरासमोर येतील. लुगड्याचे आधी.

राहता राहिली फोटोखालची ओळ. हेनिंग स्टेगम्युलर या जर्मन छायाचित्रकाराची चित्रे आणि नामदेव ढसाळांची कविता २००७ मध्ये ‘नामदेव ढसाळ : पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड’ या पुस्तकात एकत्र आली, अनुवाद दिलीप चित्र्यांचे. तेथे चित्र कवितेचे स्पष्टीकरण करीत नाही, कविता चित्राची ओळख करून देत नाही. दोघे शेजारी राहतात, कधी भांडतात. हे मला आवडते. पण आमच्या वस्तीच्या पुस्तकाला एवढे परवडणारे नाही. येथे ओळ नसेल तर चित्र पुन्हा ‘जीवनसंध्या’ होईल. म्हणून आम्ही नियम केला : ज्याचे चित्र त्याची ओळ. तो बोलेल तसे लिहायचे, अहिराणीत बोलला तर अहिराणीत. यावर वस्तीतूनच विरोध झाला. शिकलेली मुले म्हणाली, अहिराणी छापली की आपल्याला अडाणी समजतील. पुस्तक शुद्ध मराठीत असावे. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा त्यातल्या शब्दांचे अर्थ विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाला विचारावे लागले होते, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, सर, ते कवी होते, आम्हाला नोकरी शोधायची आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटले नाही. सध्या ओळी दोन्ही भाषांत लावल्या आहेत, आणि पान गिचमिड दिसते.

नावांचेही तसेच. नाव छापावे हा माझा आग्रह, कारण बिननावाच्या फोटोंचा इतिहास वर सांगितला. पण परगावी आडनाव लपवून राहणारी, लपवल्यामुळेच घर मिळालेली माणसे या वस्तीत आहेत. त्यांचे नाव छापणे म्हणजे त्यांचे भाडे बंद करणे. अशा ठिकाणी त्या माणसाने फोटोऐवजी आपल्या दाराचे चित्र दिले आहे. तीन दारे आहेत अशी.

पुस्तकाचे पहिले पान अजून ठरलेले नाही. काहींना बुद्धविहार हवा, काहींना पूल. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. त्या दिवशी डमीच्या तीन प्रती आम्ही एका टेबलावर मांडणार आहोत. लोकांनी पाने उलटावीत, पेन्सिलीने खाडाखोड करावी, नको ते चित्र काढा म्हणून सांगावे. धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव येथील वाचकांकडे जुने फोटो असतील तर त्यांनी ते आम्हाला पाठवू नयेत, घरातच ठेवावेत. आम्ही येऊन नक्कल काढून घेऊ. चौकट उघडू देण्याची तयारी मात्र ठेवावी. फोटोच्या पाठीमागे पुष्कळदा तारीख, स्टुडिओचा शिक्का आणि कोणाच्या तरी हातची एखादी ओळ असते, आणि तीही उतरून घ्यायची आहे.